खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांचे विलगीकरण

हुबळी-धारवाड ही जुळी शहरे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेली आहेत. अरबैल घाट उतरून कारवारचा किनारा गाठावयाचा तर दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. त्यामुळे येथील शाळेत किंवा घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यास बहुधा सागरी मीठ विरघळवूनच पाणी तयार करावे लागते. टाकीत रोग शिरल्यास सर्व पाणी ओतून पुन्हा भरणे त्यास परवडत नाही. नवे जनावर विकत आणल्यावर ते लगेच दावणीला न बांधता काही दिवस वेगळे ठेवण्याची शेतकऱ्याची रीत आहे. तीच येथे पाळावयास हवी.

सागरी माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा एकपेशीय परोपजीवी सर्वांत त्रासदायक होय. तो माशाच्या कातडीत व कल्ल्यांत शिरून सुमारे तीन ते सात दिवस पोसतो. नंतर मासा सोडून तो तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. ठिपके नाहीसे झालेले पाहून मालक रोग बरा झाला असे समजतो. वस्तुतः तेव्हाच तळाशी नव्या पिढीची तयारी चाललेली असते. एका कवचातून शेकडो पिल्ले बाहेर पडू शकतात. त्यांस बहुधा तीन ते अठ्ठावीस दिवस लागतात, क्वचित दोन महिन्यांहूनही अधिक. कातडीत वा कवचात असलेल्या जीवावर औषधाचा परिणाम होत नाही. पाण्यात पोहणारी पिल्ले तेवढी मरतात. दोन-चार दिवस औषध घालून थांबणे व्यर्थ ठरते ते यामुळेच.

याच जीवनक्रमाचा लाभ घेणारी एक कमी खर्चाची पद्धत आहे. दोन साध्या टाक्या घ्याव्यात. तळाशी वाळू नसावी, लपण्यास प्लास्टिक नळीचे तुकडे पुरेत. नवा मासा पहिल्या टाकीत ठेवून दर तीन दिवसांनी दुसरीत हलवावा. नवे पाणी उष्णतामानाने व क्षारतेने पूर्वीच्या पाण्याइतकेच असावे. रिकामी टाकी, नळ्या व जाळे धुऊन पूर्ण सुकवावे. सुकल्यावर कवचे जगत नाहीत. अशी चार स्थलांतरे झाली की गळून पडलेले परोपजीवी मागेच राहतात. मात्र मखमली रोग आणि कल्ल्यांवरील चपटे कृमी यांवर ही पद्धत चालत नाही. म्हणून त्यानंतरही मासा चार ते सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत वेगळाच ठेवून त्याची भूक व श्वासाची गती पाहावी. भरभर कल्ले हलविणारा, अंग घासणारा मासा निरोगी समजू नये.

ताम्रयुक्त औषध वापरल्यास मात्रा मोजण्याचे साधन हाताशी हवे. कोळंबी, शिंपले, प्रवाळ यांस तांबे घातक असल्याने ते मुख्य टाकीत कदापि घालू नये. प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते, हेही ध्यानात असावे.

क्लाऊन माशाची पैदास आता उबवणगृहांत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केले आहे. तरीही असा मासा व्यापाऱ्याच्या टाकीत समुद्रातून पकडलेल्या माशांबरोबर राहिलेला असू शकतो. त्यास वेगळा नियम नाही.

मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सर्व मासे बाहेर काढून तेथे अकरा आठवडे एकही मासा ठेवू नये. दोन्ही टाक्यांची जाळी व नळ्या वेगळ्या असाव्यात. ओल्या हातावरील थेंबानेही रोग पसरतो.