'अहों'ना 'मॅजिक' शिकवताना

शिकवणं हा माझा पेशा आहे. वर्गात साठ मुलं असली, त्यातली वीस झोपेत असली, तरी माझा आवाज चढत नाही. पण समोर एकच विद्यार्थी असेल आणि तो आपला नवरा असेल, तर सगळी समीकरणं बदलतात. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणं किंवा बायकोने नवऱ्याला पोळ्या लाटायला शिकवणं ज्या घरात शांततेत पार पडलं असेल, त्या घराला माझा साष्टांग नमस्कार!

मी ह्यांना एक बऱ्यापैकी किचकट पत्त्यांचा खेळ शिकवला. त्या प्रयोगाचं जर्नल इथे सबमिट करते आहे. तुमच्याकडून दर आठवड्याला जर्नल मागते, तेव्हा एकदा मीही लिहायला हरकत नाही.

उद्देश

आमची मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तुमच्यासारखीच होस्टेलवर राहायला लागली. घरात राहिलो दोघं. रात्रीचं जेवण झालं की टीव्ही, दोघांच्या हातात दोन मोबाईल, आणि दहा वाजता "झोपायचं का?" एवढाच संवाद. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलणंही नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या हेच चाललं असेल, फक्त फोनवर आई ते सांगत नाही.

अशात अमेरिकेहून भाचा सुट्टीला आला. त्याने मला 'मॅजिक द गॅदरिंग' शिकवला आणि जाताना एक लाल आणि एक हिरवा असे दोन डेक ठेवून गेला. आता या खेळाला किमान दोघं लागतात. म्हणजे ह्यांना शिकवणं भाग होतं. दोन-तीन रात्रींत कंटाळून "तुझं चालू दे" म्हणाले असते, तर पत्ते कपाटात आणि आम्ही परत मोबाईलवर. पणाला काय लागलं होतं ते लक्षात आलं ना?

साहित्य

साठ-साठ पत्त्यांचे दोन डेक, जेवणाचं टेबल, आयुष्य मोजायला कागद-पेन्सिल, दोन कप चहा आणि एक नवरा. हे सहकारी बँकेत आहेत आणि मेंढीकोटमधले पट्टीचे खेळाडू. कोणता पत्ता पडून गेला, कोणाकडे दहिला असेल, सगळं डोक्यात. त्यामुळे "पत्ते मला काय शिकवतेस?" हा पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

सिद्धांत

हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केला आणि १९९३ साली 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने तो बाजारात आणला. गारफिल्ड यांची डॉक्टरेट कॉम्बिनेटोरिक्समधली, तीही १९९३ चीच. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळे पत्ते होते; आज ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. मेंढीकोटमध्ये ५२ पत्ते चौघांत वाटले जातात, इथे प्रत्येकजण स्वतःचा डेक घरूनच बांधून आणतो. साधा नियम असा की डेकमध्ये किमान ६० पत्ते हवेत, आणि मूळ जमिनी सोडल्या तर एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते नकोत.

दोघांचं आयुष्य २० ने सुरू होतं, समोरच्याचं शून्यावर आणायचं. रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. प्रत्येक रंगाची आपली जमीन: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. जमिनीचा पत्ता आडवा केला की 'मॅना' मिळतो, आणि तो खर्च करून प्राणी बोलवायचे किंवा मंत्र टाकायचे. एका पाळीत एकच जमीन मांडता येते. म्हणजे उत्पन्न हळूहळू वाढतं आणि खर्च त्यातच बसवायचा. बँकवाल्याला हे लगेच पटलं.

मग किचकट काय? याचं सविस्तर नियमपुस्तक अडीचशे पानांहून मोठं आहे. शिवाय पत्त्यावर छापलेलं वाक्य आणि मूळ नियम यांत विरोध आला तर पत्त्याचं खरं धरायचं. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट: २०१९ साली चर्चिल, बिडरमन आणि हेरिक या तिघांनी दाखवून दिलं की या खेळाच्या कायदेशीर डावात अख्खं ट्युरिंग मशीन मांडता येतं. म्हणजे डावाची अशी मांडणी करता येते की पुढे कोण जिंकणार हे सर्व बाबतीत ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये एटीकेटी लागलेल्यांनी निराश होऊ नये, तो विषय पत्त्यांतही सुटत नाही.

पण गंमत अशी की ही सगळी गुंतागुंत पहिल्या रात्री लागतच नाही. ती पत्त्यांवर लिहिलेली आहे. जो पत्ता हातात नाही, त्याचा नियम माहीत नसला तरी चालतो. शिकवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

कृती

पायरी १: दोन्ही डेकमधून मंत्रांचे सगळे पत्ते काढून ठेवले. जमिनीही त्या प्रमाणात कमी केल्या. उरल्या फक्त जमिनी आणि प्राणी. दोघांचेही हातातले पत्ते टेबलावर उघडे. जमीन मांडा, प्राणी बोलवा, पुढच्या पाळीत हल्ला करा. (ज्या पाळीत प्राणी आला त्या पाळीत सहसा हल्ला करता येत नाही, दमलेला असतो बिचारा.) वीस मिनिटांत पहिला डाव संपला. इतिहास, पाच रंगांचं तत्त्वज्ञान, भाच्याच्या आवडीचे पत्ते यातलं एक अक्षरही काढलं नाही. तुम्हीही पहिल्याच लेक्चरला सिलॅबसचे सहाही युनिट ऐकून घेत नाही ना!

पायरी २: आता हातातले पत्ते झाकून. इथे खेळाची खरी मेख कळते. हल्ला समोरच्या खेळाडूवर होतो. तो आपला कोणता प्राणी आडवा घालायचा किंवा घालायचाच नाही, हे ठरवतो. शिवाय हल्ल्याला गेलेला प्राणी आडवा होतो, म्हणजे समोरच्याच्या पाळीत तो राखणीला नसतो. मेंढीकोटमध्ये हुकूम पडला की हात तुमचा. इथे ताकदवान प्राणी असूनही 'आत्ता हल्ला करू का घरी राहू' हा प्रश्न प्रत्येक पाळीला पडतो.

आणि इथेच जीभ आवरायची असते. ह्यांनी त्यांचं २/२ चं अस्वल माझ्या ३/३ च्या प्राण्यावर सोडलं. पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची. "अहो, तो नको, मरेल तो!" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. चहाचा घोट घेतला आणि गप्प बसले. अस्वल मेलं. ह्यांनी पत्ता उचलून नीट वाचला, माझा वाचला, आणि म्हणाले, "अच्छा, असं आहे होय!" हे 'अच्छा' मी आधी बोलले असते तर निघालं नसतं.

पायरी ३: काढून ठेवलेले मंत्र परत आले, आणि त्यांच्याबरोबर 'स्टॅक'. डेटा स्ट्रक्चरमध्ये जो शिकता तोच, शेवटी आलेला पहिला बाहेर. नियमांत ही पद्धत १९९९ पासून आहे. ह्यांना मी पुश-पॉप सांगितलं नाही. लग्नाच्या पंगतीतली ताटांची चळत सांगितली: सगळ्यात शेवटी ठेवलेलं ताट सगळ्यात आधी उचललं जातं. तुम्ही मेसमधली चळत आठवा.

उदाहरण एकच, पण दोन बाजूंनी. ह्यांच्याकडे २/२ चं अस्वल. मी 'लाइटनिंग बोल्ट' टाकला, म्हणजे अस्वलाला तीनचा मार. त्यावर ह्यांनी 'जायंट ग्रोथ' टाकला, म्हणजे पाळी संपेपर्यंत अस्वल ५/५. शेवटी आलेला ग्रोथ आधी लागू, अस्वल मोठं झालं, मग तीनचा मार बसला तरी जिवंत. आता क्रम उलटा करा. ह्यांनी आधी ग्रोथ टाकला आणि त्यावर मी बोल्ट टाकला. आता बोल्ट आधी लागू, अस्वल मेलं, आणि ग्रोथला मोठं करायला कोणी उरलंच नाही. पत्ते तेच, खर्च तोच, निकाल उलटा. ही दोन चित्रं टेबलावर मांडून दाखवली की अर्ध्या तासाचं व्याख्यान वाचतं.

पुढच्याच डावात ह्यांनी परत २/२ चं अस्वल माझ्या ३/३ वर सोडलं. मी प्राणी आडवा घातला. ह्यांनी एक जंगल आडवं केलं, हळूच जायंट ग्रोथ ठेवला आणि मिशीत हसले. पहिल्या रात्री मेलेल्या अस्वलाचा हिशेब असा चुकता झाला.

पायरी ४: स्वतःचा डेक बांधणे. ह्यांचं म्हणणं, "जमिनी काहीच करत नाहीत, नुसत्या पडून असतात. २४ कशाला? १७ ठेवतो." मी म्हटलं, "ठेवा." दोन रात्री खेळलो. हात भरून प्राणी आणि बोलवायला मॅना नाही, असं वारंवार झालं. तिसऱ्या रात्री ह्यांनीच विचारलं, "हे नशीब आहे का गणित?" मग मी कागद ओढला. ६० पत्त्यांत १७ जमिनी असतील तर सुरुवातीच्या ७ पत्त्यांत एकही नाही किंवा एकच जमीन येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. २४ असतील तर ती सुमारे १४ टक्क्यांवर येते, आणि दोन ते चार जमिनी येण्याची शक्यता ७७ टक्के होते. एम-थ्रीवाल्यांनी हायपरजॉमेट्रिक वितरण लावून ताळा करून पाहावा. आमच्या बँकवाल्याने एकच वाक्य काढलं, "म्हणजे रोख शिल्लक ठेवावीच लागते." सात जमिनी गुपचूप परत आल्या.

निरीक्षणे

१. ह्यांचं मेंढीकोट वाया गेलं नाही. माझे चार बोल्ट असू शकतात हे कळल्यावर किती पडले ते हे मोजायला लागले. "तीन झाले, एक बाकी आहे" असं म्हणून मला घाबरवतात.

२. शिकणारा प्रश्न विचारायला लागला की समजावं, खेळ आता त्याचा झाला. काही प्रश्नांची उत्तरं मलाही येत नव्हती. तेव्हा दोघांनी चष्मे लावून नियमपुस्तक उघडलं. त्या दहा मिनिटांत शिक्षक कोणीच नव्हतं, ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

३. दहाचे अकरा कधी वाजतात कळत नाही. आणि पत्ते पिसताना माणसं बोलतात. बँकेत काय झालं, लेकीचा आवाज फोनवर बारीक का वाटला, गुडघा कधीपासून दुखतोय, हे सगळं मला पत्ते पिसतानाच कळलं.

दक्षता

मुद्दाम हरू नये. समोरच्याला ते कळतं आणि तो अपमान असतो. डेक उन्नीस-बीस वाटत असतील तर आपसात बदलावेत. तिसऱ्या माणसासमोर चुका काढू नयेत. डाव संपल्यावर "तू असं खेळायला हवं होतंस" हे विचारल्याशिवाय सांगू नये. विचारलं तर एकच गोष्ट सांगावी, सात नाही. आणि समोरच्याच्या हातातला पत्ता आपण कधीही, काहीही झालं तरी, उचलून टाकू नये.

निष्कर्ष

शेवटची दक्षता हाच माझा निष्कर्ष. नियम शिकवता येतात, निर्णय शिकवता येत नाही. तो ज्याचा त्याला घेऊ द्यावा लागतो, चुकीचा असला तरी. जवळच्या माणसाला शिकवताना हे जास्त अवघड जातं, कारण त्याची चूक आपल्याला बघवत नाही आणि त्याचा संथपणा आपल्याला सोसत नाही. लॅबमध्ये ज्युनिअरच्या हातातून ब्रेडबोर्ड ओढून "सोड, मी करतो" म्हणणारे सीनिअर मी रोज बघते. सर्किट चालतं, पण ज्युनिअर तिथेच राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबा विचारतील, "हे मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे रे?" किंवा आई म्हणेल, "व्हिडिओ कॉल मला लावता येत नाही." तेव्हा फोन त्यांच्याच हातात राहू द्या. चुकीचं बटण दाबलं जाईल, दोनदा दाबलं जाईल. तुम्ही चहाचा घोट घ्या आणि गप्प बसा. "अच्छा, असं आहे होय!" ऐकू आलं की प्रयोग यशस्वी झाला असं समजून जर्नलवर सही करा.