हायब्रिड मोटारीतील बॅटरीचा पंखा : दोषनिदानाचा क्रम

पेट्रोल इंजिन व विजेची मोटर या दोहोंवर चालणारी ‘प्रियस’ ही मोटार टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या बाजारपेठेत आणली. भारतात तिची विक्री २०१० मध्ये सुरू झाली. उच्च दाबाची बॅटरी हा अशा मोटारीचा अत्यंत महागडा भाग होय. धोक्याचा दिवा लागताच ‘बॅटरी गेली’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः कित्येकदा दोष बॅटरीत नसून तिला थंड ठेवणाऱ्या पंख्यात असतो.

पंख्याचे कार्य

दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २००३ मध्ये आलेल्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे २८ संच एकसरीत जोडलेले आहेत. प्रत्येक संच ७.२ व्होल्टचा असल्याने एकूण दाब २०१.६ व्होल्ट होतो. वीज साठविताना व वापरताना हे संच तापतात. मागील आसनाशेजारच्या झरोक्यातून पंखा मोटारीच्या आतील हवा ओढून संचांमधून खेळवितो. या हवेबरोबर धूळ, कापडाचे तंतू व पाळीव जनावरांचे केस आत जाऊन पात्यांवर साचतात. हवा अपुरी पडली की तापमान वाढते. मग नियंत्रक यंत्रणा बॅटरीचा वापर मर्यादित करते, इंजिनावरील भार वाढतो आणि इंधन अधिक खर्च होते. मागील आसनाजवळ पंख्याचा मोठा आवाज सतत येणे ही पूर्वसूचना समजावी.

तपासणीचा क्रम

प्रथम तपासणी-यंत्राने दोषाचा संकेतांक वाचावा. ‘पी०ए८२’ हा संकेतांक पंख्याच्या कार्यातील बिघाड दर्शवितो, तर ‘पी०ए८०’ बॅटरीसंच बदलण्याची गरज सुचवितो. त्यानंतर झरोका सामानाने किंवा आसनाच्या आच्छादनाने झाकला गेला आहे काय, हे पाहावे. तपासणी-यंत्राद्वारे पंखा निरनिराळ्या वेगांवर चालवून पाहावा. पंखा मुळीच फिरत नसल्यास फ्यूज, रिले, तारांची जोडणी व पंख्याची मोटर अनुक्रमे तपासावी. पंखा फिरतो, परंतु हवा येत नाही, असे आढळल्यास पाती व हवेचा मार्ग स्वच्छ करावा. हवेचा प्रवाह ठीक असूनही एखाद्या संचाचा दाब इतरांहून वेगळा दिसल्यास मात्र दोष बॅटरीत असण्याचा संभव अधिक.

दक्षता

पंखा १२ व्होल्टवर चालत असला, तरी त्याच्या शेजारीच प्राणघातक दाबाची वीज असते. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. मोटार बंद करून, सुरक्षा-प्लग काढून व पुस्तिकेत सांगितलेला अवधी जाऊ देऊनच प्रशिक्षित कारागिराने विद्युतरोधक हातमोजे घालून काम करावे. झरोका बाहेरून स्वच्छ ठेवणे एवढे मात्र वाहनचालकास सहज शक्य आहे.

दुरुस्तीचे देयक मंजूर करणारा अधिकारी असो वा यंत्रशास्त्र शिकविणारा शिक्षक, बॅटरी बदलण्यापूर्वी पंखा तपासला काय, हा प्रश्न त्याने अवश्य विचारावा.