नदीकाठची पत्रपेटी आणि गावाची नजर

नदीकाठच्या वाटेवर कोठेतरी एक डबा दडवून ठेवावयाचा, त्यात एक वही आणि एक रबरी शिक्का घालावयाचा, आणि शोधणाराच्या हाती कोड्यासारख्या चार ओळी देऊन त्याला वाटेला लावावयाचे, हा पत्रपेटीचा खेळ मूळचा इंग्लंडातील डार्टमूरच्या माळरानावरचा. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तेथील क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली व तेथवर पोहोचणाराने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकून यावे असा प्रघात पाडला. पुढे बाटलीची पेटी झाली आणि कार्डाची जागा शिक्क्याने घेतली. आपल्याकडे याच्या जवळचे काही असेल तर ते बालवीर पथकातील माग काढण्याचे शिक्षण होय. जमिनीवर चौकोन काढून त्यात आकडा घातला आणि शेजारी बाण दाखविला, की बाणाच्या दिशेने तितक्या पावलांवर पत्र दडविले आहे असे समजावयाचे. वर्तुळात टिंब दिसले, की पुढचा गडी घरी गेला. केनियातील न्येरी येथे बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर हीच शेवटची खूण कोरलेली आहे, आणि समाधिलेखांत इतका मितभाषी लेख मला दुसरा ठाऊक नाही.

हा खेळ खानदेशच्या नद्यांवर आणू पाहणाऱ्यांसाठी गिरणाकाठचा एक अनुभव सांगून ठेवतो. आमच्या एका स्नेह्याने ऐन उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील एका गावाच्या शिवारात पेटी दडविली आणि दिवाळीनंतर आम्ही काही मंडळी, दोन मुलांसह, तिच्या शोधार्थ निघालो. सुगावा असा होता, की जोडबाभळीपाशी उभे राहून वाळूच्या उंचवट्याकडे पाठ करावी, काठाने साठ पावले चालावे आणि दगडांच्या राशीत पाहावे. जोडबाभळीचे बुंधे तेवढे उरले होते. वाळूचा उंचवटा काही पुराने आणि बराचसा ट्रॅक्टरांनी नेला होता, व त्याच्या जागी कमरेइतके खड्डे पडले होते. मग आम्ही तर्काने दिशा धरली, पावले मोजली, पुन्हा मोजली, काठ्यांनी दगड उलटेपालटे केले, वहीत टिपणे केली. आणि हे सर्व शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून पाहत होत्या.

"काय धुंडी ऱ्हायनात, भाऊ?" बांधावरून एका गृहस्थांनी विचारले. आमच्यातील एकाने निष्कपटपणे उत्तर दिले, "डबा." याहून घातक उत्तर त्या प्रसंगी देता आले असते असे मला वाटत नाही.

नदीकाठी डबा शोधणारा परका इसम म्हणजे गुप्तधनाच्या मागे लागलेला, हा पहिला तर्क. आणि तो निराधारही नाही, कारण भूमिगत धनाचा लोभ इतका जुना आहे, की त्यासाठी १८७८ सालापासून स्वतंत्र कायदा असून दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास वर्दी देणे त्याने बंधनकारक केले आहे. वही घेऊन खड्ड्यांकडे पाहणारा म्हणजे वाळूच्या उपशाची खबर काढणारा महसूल खात्याचा माणूस, हा दुसरा. आणि हा तर्क करणारे लोक पहिल्यांपेक्षा कमी बोलतात. तिसरा तर्क सर्वांत भयंकर. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते तर पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारे लोक; आम्ही कोण? आमच्यासोबत दोन मुले होती, ही गोष्ट आम्हांला निर्दोष ठरवीत होती की अधिकच संशयास्पद, हे त्या घटकेस सांगता आले नसते.

पोलीस पाटील आले. त्यांनी रीतसर जाबजबाब घेतले, सुगाव्याचा कागद दोनदा वाचला, आणि त्यात शिक्क्याचा उल्लेख पाहताच त्यांची मुद्रा बदलली. कारण शिक्का म्हणजे कचेरीची वस्तू, ती खाजगी माणसाने नदीकाठी का पुरून ठेवावी? स्नेह्यांना दूरध्वनी लागला तेव्हा कोठे उलगडा झाला. डबा श्रावणातच गुरे चारणाऱ्या पोरांना सापडून गावात आला होता. तो आणविला गेला. वहीच्या पहिल्या पानावर स्नेह्यांचे स्वागतपर वाक्य होते आणि पुढील पानांवर, सुवाच्य अक्षरांत, कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब. आम्ही चहा घेऊन निघालो. वही मागण्याचे धाडस कोणी केले नाही.

तेव्हा पेटी लपवावयाची ती शोधणारापासून, गावापासून नव्हे. ज्याच्या शेताच्या हद्दीत ती ठेवावयाची त्याची अनुमती घ्यावी, पोलीस पाटलाला आगाऊ कळवावे आणि झाकणाच्या आतील बाजूस ही वस्तू काय आहे, कोणाची आहे, हे ठळक मराठीत लिहून संपर्काचा क्रमांक द्यावा. शोधणाराने जाताना प्रथम पारावर बसलेल्यांना राम राम करून आपला हेतू सांगावा. याने कोड्याची गंमत कमी होते अशी तक्रार मी ऐकली आहे. ती करणारे गृहस्थ त्या दिवशी आमच्यासोबत नव्हते.

सुगावा कशाला बांधावा, हाही विचार झाड पाहून नव्हे तर पूर पाहून करावा. वाळू, बाभूळ, पायवाट ही पावसाळ्याची मालमत्ता आहे. देवळाच्या पायऱ्या, जुने घाट, आणि धुळ्याकडील पांझरा नदीवरचे, फड या सामूहिक सिंचन पद्धतीचे दगडी बंधारे हे खरे टिकाऊ साक्षीदार; कित्येक पिढ्यांनी त्यांवरून पाण्याच्या पाळ्या चालविल्या आहेत. मात्र बंधारा खुणेपुरताच घ्यावा, त्याच्या सांध्यात डबा कोंबू नये आणि दगड तर मुळीच हलवू नये, कारण एका दगडाच्या फटीतून गळणारे पाणी कोणाच्या तरी वाट्याचे असते. तेथे पाणी वाटून देणारा पाटकरी भेटल्यास त्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. पावलांचा आकडा देताना ती मोठ्या माणसाची की मुलाची हे लिहावे. दगडांच्या राशीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे, कारण या कोरड्या मुलखात फुरसे अशाच जागी बसते.

ऋतू म्हणाल तर कार्तिकापासून माघापर्यंतचा. वैशाखात येथील ऊन माणसाला शोधाचे नावही काढू देत नाही, आणि पावसाळ्यात धुळ्याचे आकाश निरभ्र असले तरी वर साक्री तालुक्यात पाऊस कोसळून अक्कलपाडा धरणाचे दरवाजे उघडलेले असू शकतात; त्या दिवसांत पांझरेच्या पात्रात उतरावयाचे झाल्यास विसर्गाचा इशारा निघाला आहे काय, एवढे तहसील कचेरीत विचारून घ्यावे.