बागायतदार संघाची तीन दिवसांची परिषद : नियोजन कसे करावे?



आपल्या वऱ्हाडात संत्रा, केळी, कापूस अशा पिकांच्या उत्पादकांचे संघ आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्याही आहेत. वर्षातून एकदा सर्व सभासदांना एकत्र बोलावून दोन-तीन दिवसांची परिषद भरवावी, असे बऱ्याच संघांना वाटते. मग मांडव कोठे घालावा, उद्घाटनाला कोणाला बोलवावे, जेवणात काय ठेवावे यावर पुष्कळ चर्चा होते. परंतु परिषदेहून सभासद काय घेऊन घरी जाणार, याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. तो पहिला व्हावयास पाहिजे.

प्रस्तुत लेखात अकोट येथे ३०० संत्रा बागायतदारांची तीन दिवसांची परिषद भरवायची आहे असे धरून नियोजनाचा क्रम दिला आहे. आपले पीक व सभासदसंख्या पाहून त्यात फेरबदल करता येतील.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी फळबागायतदारांच्या अशाच एका परिषदेत व्याख्यानासाठी मला बोलावणे आले होते. कार्यक्रम सकाळी १० ला सुरू व्हायचा होता. पाहुणे १ वाजता आले. सत्कार, हारतुरे व भाषणे ३.३० पर्यंत चालली. माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानाला १२ मिनिटे मिळाली आणि प्रश्नोत्तरे रद्द झाली. पुढचे दोन दिवसही तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मांडवात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

परत निघालो तेव्हा एस.टी. स्टँडवर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे एक वयस्क बागायतदार भेटले. "सर, तीन दिवस झाले, थैलीत घिऊन फिरतो हे," असे म्हणून त्यांनी थैलीतून संत्र्याची साल व मुळ्या काढून दाखविल्या. सालीतून डिंक आला होता, तंतुमुळे कुजली होती. तो डिंक्या रोग होता. ओलिताचे पाणी खोडाला लागू न देता दुहेरी आळे करावे, रोगट साल खरवडून बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) लावावे व पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ते न चुकता लावत जावे, एवढे सांगायला मला दहा मिनिटे पुरली. जी माहिती तीन दिवसांच्या परिषदेत मिळाली नाही ती त्यांना एस.टी. स्टँडवर मिळाली. पुढल्या वर्षी ते परिषदेला आले नाहीत, आणि यात त्यांची काही चूक होती असे मला वाटत नाही.

सभासदाचे तीन दिवस फुकट नसतात. मागे ओलिताची पाळी असते, रात्रीची वीज असते, वेचणीचे मजूर असतात आणि पायथ्याच्या गावांत रानडुकरे व रोही यांपासून राखण करावी लागते. हे सर्व दुसऱ्याच्या भरवशावर टाकून जो येतो, त्याचा प्रश्न परत घरी जाऊ नये ही परिषदेची पहिली जबाबदारी होय.

वऱ्हाडची परंपरा

हे काम आपल्या भागाला नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली आणि याच संस्थेच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्ली येथे जागतिक कृषि प्रदर्शन भरले. शेतकऱ्याने पाहावे, विचारावे व तुलना करून ठरवावे, हा अशा मेळ्यांचा खरा उपयोग असतो. आपली परिषद लहान असली तरी तिचा हेतू हाच असावा.

१. तारीख : पीक पाहून ठरवावी

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची वार्षिक परिषद साधारणतः ऑगस्ट महिन्यात पुण्यास भरत आली आहे. या सुमारास एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली असते व ऑक्टोबरची फळछाटणी यावयाची असते. बागायतदाराला थोडी सवड असते आणि ऐकलेली गोष्ट महिना-दोन महिन्यांत बागेत करून पाहता येते. राज्यातील चारही कृषि विद्यापीठांची संयुक्त कृषि संशोधन व विकास समितीची बैठकही खरिपाच्या तोंडावर, मे-जूनच्या सुमारास, आळीपाळीने एकेका विद्यापीठात भरते. तीही अनेक दिवस चालते.

संत्र्याचा विचार करता आंबिया बहाराची फळे डिसेंबरपर्यंत बहुतांशी उतरलेली असतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे झाडे ताणावर असतात आणि जानेवारीच्या मध्याला ताण तोडून पाणी सुरू करावयाचे असते. म्हणून जानेवारीचा पहिला आठवडा सोयीचा पडतो. ताण कसा तोडावा, खते कोणती द्यावीत हे ऐकून सभासद लगेच बागेत कामाला लागू शकतो. मृग बहार घेणारे सभासद अधिक असल्यास त्यांची तोडणी फेब्रुवारीपासून सुरू होते हे ध्यानात घ्यावे.

तारीख पक्की करण्यापूर्वी बाजाराचा दिवस, लग्नाच्या दाट तिथी, यात्रा, निवडणुकीची आचारसंहिता व डॉ. पंजाबरावांच्या जयंतीच्या (२७ डिसेंबर) सुमाराचे कार्यक्रम पाहून घ्यावेत.

२. प्रश्न आधी, वक्ते नंतर

परिषदेच्या चार महिने आधी प्रत्येक सभासदाला एक छापील कागद पाठवावा. मोबाईलवर निरोप पाठविला तरी चालेल. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात : (अ) यंदा बागेत सर्वांत जास्त नुकसान कशाने झाले? (आ) कोणती गोष्ट करून पाहिली व ती जमली? (इ) कोणती गोष्ट प्रत्यक्ष पाहायची आहे?

आलेले कागद विषयवार लावावेत. ज्या विषयाचे कागद जास्त त्याला वेळ जास्त द्यावा. विषय ठरल्यावर वक्ते शोधावेत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था व जिल्ह्यातील कृषि विज्ञान केंद्र यांच्याकडे किमान दोन महिने आधी लेखी मागणी करावी व पत्रासोबत सभासदांचे प्रश्न जोडावेत. प्रश्न हाती असला की वक्ता त्याच तयारीने येतो. 'आ' खाली चांगली उत्तरे देणाऱ्या सभासदांनाही बोलण्यास बोलवावे. शेजाऱ्याने केलेली गोष्ट लवकर पटते.

३. वेळेचे वाटप

रोज सहा तास धरले तर तीन दिवसांत १८ तास हाती येतात. त्यांचे वाटप पुढीलप्रमाणे करावे.

उद्घाटन व सत्कार : १ तास
व्याख्याने : ५ तास
गटवार प्रश्नोत्तरे : ४ तास
बागांना भेटी : ५ तास
संघाची सर्वसाधारण सभा : २ तास
शिफारशी व समारोप : १ तास

पाहुणे वेळेवर आले नाहीत तर पहिले व्याख्यान सुरू करावे व उद्घाटन नंतर करावे. हे निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगून ठेवावे. प्रश्नोत्तरांचा वेळ कोणत्याही कारणाने कापू नये, असा ठराव कार्यकारिणीने आधीच करावा. सर्वसाधारण सभा दुसऱ्या दिवशी ठेवावी. ती शेवटी ठेवल्यास हिशेब मंजूर करायला माणसे उरत नाहीत.

प्रश्नोत्तरांसाठी ३०० सभासदांचे ५० चे सहा गट करावेत. मोठ्या मांडवात लाजणारा माणूस लहान गटात बोलतो. रोगट पाने, फांद्या, मुळ्या आणणाऱ्यांसाठी नोंदणीच्या जागीच एक टेबल व एक तज्ज्ञ बसवावा. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणण्यास सांगावे.

४. बागांना भेटी

दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० ते १२.३० हा वेळ भेटींसाठी ठेवावा. जवळजवळच्या तीन बागा निवडाव्यात. दोन-दोन गट मिळून एका बागेत जातील व पुढे पाळीने दुसरीकडे सरकतील. प्रत्येक बागेत एक तास व मध्ये प्रवासाला अर्धा तास धरला तर चार तास होतात. उरलेला तास चहा-नाश्ता व उशीर यासाठी राहू द्यावा. प्रत्येक गटासोबत एक माहीतगार व एक घड्याळ सांभाळणारा असावा.

येथे एक दक्षता फार महत्त्वाची आहे. डिंक्या व मूळकुज रोगांची बुरशी मातीतून व पाण्यातून पसरते. ३०० जणांच्या जोड्यांना लागलेली ओली माती निरोगी बागेत रोग नेऊ शकते. म्हणून पाळीने फिरावयाच्या तिन्ही बागा निरोगी असाव्यात. भेटीच्या आदल्या दिवशी तेथे ओलित करू नये. रोगट बाग दाखवायचीच असल्यास सर्वांत शेवटी, धुऱ्यावरूनच दाखवावी. ज्यांच्या बागेत जायचे त्यांना हे सर्व आधी समजावून त्यांची संमती घ्यावी.

नरनाळा किल्ला जवळ असल्यामुळे तो पाहण्याची इच्छा पुष्कळांना होते. तो अभयारण्यात असल्याने वनविभागाचे नियम व वेळा पाळाव्या लागतात. ही सहल परिषदेनंतर, स्वखर्चाने ठेवावी. कार्यक्रमाच्या मध्ये घालू नये.

५. येणे-जाणे

अकोला ते अकोट अंतर सुमारे ४५ कि.मी. आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील पूर्णा नदीवरील जुन्या पुलाला तडा गेल्याने तो वाहतुकीस बंद करावा लागला आणि लोकांची मोठी गैरसोय झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट ब्रॉडगेज रेल्वे सुरू झाली. यावरून एवढेच घ्यावयाचे की, एकाच रस्त्याच्या भरवशावर परिषद आखू नये. निमंत्रणपत्रात रेल्वे व एस.टी. या दोन्हींच्या वेळा छापाव्यात. परतवाडा-अंजनगाव सुर्जीकडून येणाऱ्यांसाठी तो मार्ग वेगळा द्यावा. शेवटचे सत्र शेवटच्या गाडीच्या किमान दोन तास आधी संपवावे, म्हणजे लोक मधूनच उठून जात नाहीत.

६. राहणे व जेवण

जानेवारीत पायथ्याच्या भागात रात्री थंडी असते. उघड्या मांडवात झोपण्याची व्यवस्था करू नये. मंगल कार्यालय, वसतिगृह किंवा शाळेच्या खोल्या तीन महिने आधी लेखी ठरवाव्यात. दर २५ जणांमागे एक याप्रमाणे १२ संडास धरावेत. महिला सभासदांची निवास व स्नानाची सोय वेगळी, बंदिस्त व उजेडाची असावी. ही सोय नसल्यामुळे बागेची निम्मी कामे करणाऱ्या भगिनी परिषदेला येत नाहीत.

जेवण साधे ठेवावे. एक दिवस वरण-रोडगे व वांग्याची भाजी ठेवली की सर्व खूश होतात. सामानाचा अंदाज दर १०० माणसांच्या एका जेवणाला कणीक १५ किलो व डाळ ५ किलो असा धरून आचाऱ्याशी पडताळून घ्यावा. पिण्याचे पाणी तपासलेले असावे. ध्वनिक्षेपकासाठी पोलिस ठाण्याची परवानगी घ्यावी व रात्री १० नंतर तो बंद ठेवावा.

७. पैशाचा हिशेब

खर्च दोन प्रकारचा असतो. मांडव, ध्वनिक्षेपक, छपाई हा खर्च माणसे कितीही आली तरी होतोच. जेवण, निवास, भेटीच्या गाड्या हा खर्च माणशी वाढतो. उदाहरणादाखल पहिला खर्च १,३५,००० रुपये व दुसरा माणशी ९०० रुपये धरू. ३०० जण येतील अशी आशा असली तरी हिशेब २२५ जणांवर करावा. १,३५,००० भागिले २२५ म्हणजे ६०० रुपये. त्यात ९०० मिळविले की शुल्क १,५०० रुपये ठरते. ३०० आले तर ४५,००० रुपये शिल्लक राहतात. १८० च आले तर २७,००० रुपये तूट येते. तेवढी रक्कम संघाजवळ असल्याशिवाय हे काम अंगावर घेऊ नये.

औषधे, खते, ठिबक संच यांच्या कंपन्यांकडून दालनाचे भाडे घेण्यास हरकत नाही. मात्र पैसे दिले म्हणून व्याख्यानाची जागा देऊ नये. सभासदाचा विश्वास एकदा गेला की तो भाड्याने परत मिळत नाही.

८. कामाचे वेळापत्रक

सहा महिने आधी : तारीख, जागा, अंदाजपत्रक व पाच समित्या (कार्यक्रम, नोंदणी, निवास-भोजन, वाहतूक, हिशेब).
चार महिने आधी : प्रश्नांचे कागद पाठविणे.
तीन महिने आधी : निवासाचे लेखी करार, बागांची निवड.
दोन महिने आधी : वक्त्यांना पत्रे, आगाऊ नोंदणी सुरू.
एक महिना आधी : परवानग्या, छापील कार्यक्रम सभासदांच्या हाती.
आठ दिवस आधी : वक्त्यांना पुन्हा आठवण, पाणी व वीज यांची पाहणी, जनित्राची सोय.

नोंदणीच्या वेळीच एक गोष्ट सुचवावी. एकाच गावचे चार-पाच सभासद असतील तर त्यांनी आपसांत ठरवून एकाने गावी राहावे व बाकीच्यांची ओलिते व राखण पाहावी. त्याला छापील टिपणे मोफत द्यावीत आणि पुढील वर्षी त्याचा नंबर पहिला लावावा.

९. परिषदेनंतर

समारोपाच्या तासात भाषणे ठेवू नयेत. प्रत्येक गटाने दोन शिफारशी लिहून आणाव्यात व त्या मोठ्याने वाचाव्यात. ज्या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत त्यांची यादीही वाचावी. ती यादी विद्यापीठाकडे पाठवून एका महिन्यात आलेली उत्तरे सभासदांना कळवावीत. हिशेब १५ दिवसांत तपासून सर्वांना द्यावा.

शेवटी परिषद कशी झाली हे मोजण्याची एक सोपी रीत सांगतो. निघताना प्रत्येकाला एकच विचारावे, "आपण जो प्रश्न घेऊन आलात त्याचे उत्तर मिळाले काय?" ३०० पैकी किती जणांनी होय म्हटले तो आकडा कार्यवृत्तात लिहावा आणि पुढल्या वर्षी तो वाढेल असे पाहावे. थैलीत मुळ्या घेऊन आलेला एकही बागायतदार ती थैली न उघडता परत जाता कामा नये. एवढे साधले तर उरलेल्या उणिवा सभासद आनंदाने पोटात घालतील.