शाळेचा कलासंग्रह : अल्प खर्चात आरंभ



कलासंग्रह म्हटला की धनिकांचा दिवाणखाना व काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. आपल्या दोन खोल्यांच्या शाळेचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणासही वाटेल. तथापि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. दिनकर केळकरांच्या घरचे दुकान चष्म्यांचे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, पेटारे अशा घरोघरच्या वस्तूंतच त्यांना कारागिराचा हात दिसला. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या आणि १९७५ साली हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयास नाव आहे ते त्यांच्या अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे.

आपल्या पनवेल तालुक्यात तर या कामाची निकड अधिक आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा यांसह दहा गावे उठली. अन्य गावांतही कौलारू घरे पाडून सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत. घर मोडताना तांब्याचा हंडा मोडीत जातो, कोरीव चौकट सरपणात जाते आणि आजीची रवळी उकिरड्यावर पडते. ज्यांचे घर मोडणार आहे अशा पालकांना शिक्षकांनी आधीच भेटावे. वस्तू देण्यास त्यांचे मन होत नसेल तर आग्रह धरू नये. मुलांकडून तिचे चित्र काढून घ्यावे. माझ्या मते कित्येकदा वस्तूपेक्षा ते चित्रच अधिक शिकवून जाते. देवघरातील मूर्ती मात्र मागू नयेत. जमिनीत जुनी नाणी वा मूर्ती सापडल्यास ती शाळेत न ठेवता तहसील कार्यालयास कळवावी.

चित्रांसाठी रद्दीचे दुकान गाठावे. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. त्यांची व रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे एके काळी मराठी घरांतून जपली जात. असा एखादा जुना अंक हाती आला तर मुलांना रेषा व रंगसंगती दाखविता येते. पेण आपल्याला जवळ आहे. तेथील कारखान्यातून एकाच गणेशमूर्तीचे तीन नमुने मागावेत : साच्यातून काढलेला, रंग दिलेला आणि डोळ्यांची आखणी झालेला. तडा गेलेले असले तरी चालतील, किंबहुना तेच स्वस्त पडतील. रांगोळीचे नमुने गावातील वृद्ध स्त्रियांकडून कागदावर उतरवून घ्यावेत.

आता नोंदवहीविषयी. नोंद नसेल तर संग्रह म्हणजे नुसती अडगळ. वस्तूचे गावातले नाव, देणाऱ्याचे नाव, ती कोणी व कशाची घडविली, कोणत्या कामी येत असे आणि शाळेत केव्हा आली, एवढे तरी लिहावे. गावातले नाव प्रथम लिहावे. पुस्तकी नाव मागाहून शोधता येते, बोलीतले मात्र एकदा गेले की गेले. ही वही वरच्या वर्गातील मुलांनी लिहावी व शिक्षकांनी तपासावी.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद दमट होतो. चित्रे खळीने चिकटवू नयेत, खळीला कसर लागते. जाड कागदावर चारही कोपऱ्यांना कागदी खाचा करून त्यांत बसवावीत. पेटी भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावी, आत सुकलेला कडुलिंबाचा पाला घालावा. ऊन पडेल त्या दिवशी ती उघडून चित्रांना सावलीतच वारा द्यावा, उन्हात रंग उडतो.