आधी बैठक, मग चाल

अर्धांगवायूने आडव्या झालेल्या माणसाच्या समाचारास जो येतो तो त्याच्या पायाकडे पाहतो, अंगठा हलतो काय ते विचारतो, आणि "आता लवकर चालायला लागा" असा हुकूम सोडून, चहा घेऊन निघून जातो. परंतु ज्यांच्या बळावर मनुष्य चालतो त्या पोट, पाठ आणि कंबर यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झाल्यावर मी कुंडलास येऊन राहिलो. पुढे माझ्या डाव्या अंगावरून वारे गेले, आणि आज काठीच्या आधाराने का होईना, पेठेपर्यंत जाण्याइतका मी सावरलो आहे. मधल्या काळात जे सोसले त्यातील उपयोगाचा भाग दुसऱ्याच्या पदरी पडावा, एवढ्याच हेतूने ही हकिकत लिहितो.

पहिली बाब वेळेची. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही एकाएकी घडले की घड्याळ पाहावे आणि 108 क्रमांकास फोन करावा; कारण मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या मुदतीतच देतात, आणि तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव झालेला नाही अशी खात्री पटल्यावर. माझी ती मुदत कांदा हुंगवण्यात, तळवे चोळण्यात आणि शेजारगावच्या वैदूस निरोप धाडण्यात सरली. कबुतराचे रक्त चोळावे अशीही एक सूचना आली होती. ती घरच्यांनी दारातूनच परत पाठवली, हे माझे भाग्य.

दुसरी बाब घाईची, आणि ती अधिक नाजूक, कारण तिच्या मुळाशी माया असते. मी रुग्णालयातून घरी परतताच भावकीतल्या दोघा धट्ट्याकट्ट्या तरुणांनी मला दोन्ही बगलांत धरून अंगणात फिरवण्याचा सपाटा लावला. धड डावीकडे झुकलेले, डावा पाय अर्धवर्तुळात फेकला जातो आहे, भयाने श्वास कोंडलेला, आणि तरीही "चालले, चालले" असा गजर चाललेला! लुळ्या हातास धरून वर ओढल्याने खांद्याचा सांधा खाली उतरला आणि त्या वेदनेने मला मूळ दुखण्याहून अधिक रात्री जागवले. एके सकाळी तर गुडघा दगा देऊन आम्ही तिघेही तुळशीवृंदावनापाशी कोसळलो. घाईचे हे खूळ केवळ आपल्याकडचे नव्हे. पाच देशांतील 2104 रुग्णांवर केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आतच वारंवार व पुष्कळ वेळ उठवून चालवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या बेताने उपचार केलेल्यांपेक्षा उणी भरली. म्हणून महिनोन्महिने अंथरुणात पडून राहावे असा अर्थ कोणी काढू नये. उठण्याचा काळ व प्रमाण वैद्याने ठरवावे, भावकीने नव्हे.

पडल्याच्या त्या प्रकरणानंतर एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. पायाला तिने हातही लावला नाही. "काका, चालायचं मागनं बघू. आधी आधाराशिवाय बसून दाखवा," असे म्हणून तिने मला खाटेच्या काठावर बसवले, दोन्ही पावले फरशीवर सपाट टेकवली, आणि आमच्या मंडळींनी पाणी भरून आणलेला तांब्या माझ्या डाव्या बाजूस, स्टुलावर, वीतभर अंतरावर ठेवून उजव्या हाताने त्याला शिवायला सांगितले. बोटे तांब्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मी कलंडलो आणि तिने कमरेस धरून मला सावरले. अंगणात शेकडो पावले टाकल्याचा ज्याचा लौकिक झाला होता, त्या गृहस्थास बसताही येत नव्हते.

कारण तिने समजावून दिले ते असे. चालताना प्रत्येक पावलास क्षणभर साऱ्या देहाचा भार एकाच पायावर येतो. त्या क्षणी पोटाचे, पाठीचे व कटिप्रदेशाचे स्नायू कंबर समतल धरून ठेवतात तेव्हाच दुसरा पाय मोकळेपणी पुढे येतो, आणि ते दुबळे असले की कंबर खचते, पाय जमिनीस घासतो व म्हणून बाहेरून फेकावा लागतो. उसाच्या गाडीचा आख वाकलेला असता चाकांना कितीही वंगण घातले तरी गाडी सरळ जात नाही, तशातला हा प्रकार. आशेची गोष्ट ही की हातापायांच्या मानाने धडाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा पोहोचतात. त्यामुळे एका बाजूस इजा झाली तरी ते बहुधा पुरते मुके होत नाहीत. ज्या कुंडलच्या कुस्ती मैदानास दूरदूरचे मल्ल येतात, तेथील माणसास कमरेची महती परक्याने सांगावी लागावी, हे जरा लाजिरवाणेच!

व्यायाम साधे आहेत. उताणे निजून, गुडघे उभे करून, श्वास सोडीत बेंबी हलकेच आत घ्यावी. त्याच स्थितीत टाचा दाबून कंबर उचलावी, पाच अंक मोठ्याने मोजावे आणि सावकाश खाली यावे; मोठ्याने मोजण्याचा हेतू हा की श्वास कोंडू नये, कारण कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब चढतो. लुळा पाय बाहेर पडू पाहतो, म्हणून घरच्या एकाने त्या गुडघ्यास नुसता हात लावून असावे. उचलण्याचे काम मात्र रुग्णाचेच. मग जोडलेले गुडघे डावी-उजवीकडे झुकवणे, कुशीवर वळणे, खाटेच्या काठावर बसून एकेक कुल्ला उचलीत पुढेमागे सरकणे.

तांब्याचा व्यायाम मला सर्वांत फळला. तांब्या हळूहळू दूर सरकवीत न्यावा, समोर आणि दुबळ्या बाजूस, जेणेकरून त्या बाजूच्या कुल्ल्यावर भार घेण्याची भीती मोडेल. त्यानंतर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणे: पावले मागे घ्यावी, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईतो वाकावे, आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठावे; चांगला पाय सारे ओझे आपल्याकडे ओढू पाहतो, त्यास आवरावे लागते. आठ-दहा वेळा, मध्ये विसावा घेऊन, दिवसातून दोनदा, एवढे प्रारंभी पुष्कळ होते. पुढे स्वयंपाकघराच्या ओट्यास धरून भार या पायावरून त्या पायावर नेणे, आणि मग चालणे. चालवणाऱ्याने दुबळ्या बाजूस उभे राहून रुग्णाच्या कमरेस घट्ट बांधलेल्या पट्ट्यास धरावे. बगलेस किंवा हातास धरू नये.

एक इशारा आमच्या मुलखापुरता. कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते, आणि श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तेथील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्या संस्कारात वाढलेल्यांची मुले-नातवंडे दुखणेकऱ्यास "नमस्कार घाला, सगळे ठीक होईल" असे मनापासून सांगतात. निरोगी शरीरास तो उत्तम व्यायाम, याविषयी माझे दुमत नाही. परंतु एक हात लुळा असता हातांवर देह तोलणे आणि रक्तदाब आवाक्यात नसता डोके खाली नेणे हे अशा रुग्णाने डॉक्टरांच्या परवानगीवाचून करू नये. छातीत दुखणे, घेरी, नव्याने उद्भवलेली डोकेदुखी किंवा धाप यांपैकी काही जाणवले तर तत्क्षणी थांबावे.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावर विसंबून लिहितो असे नाही. धडाच्या व्यायामांवरील साठाहून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेणारे कॉक्रेन संस्थेचे परीक्षण 2023 साली निघाले, आणि त्यात तोल व चालणे या दोहोंस अशा व्यायामांनी लाभ होतो असे दिसले. पुराव्याचा कस मात्र सर्वत्र सारखा नाही, हेही त्यात नमूद आहे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, तरी त्यानंतर दप्तर बंद होते ही समजूत खोटी आहे. ज्या घरात असा माणूस वर्ष-दोन वर्षे माजघरातल्या खाटेवर पडून आहे, त्यांनी एकदा फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे आणि, पाय राहू द्या, त्याला आधाराशिवाय किती वेळ बसता येते तेवढे पाहायला सांगावे.