‘हेलियम दिनाला ग्रहण’ हे मी लिहिले नव्हते

१८ ऑगस्टच्या सकाळी साडेसहाला फोंड्याच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. मुलांची बस घेऊन ते विजयदुर्गला यायचे होते. म्हणाले, “भाऊ, कार्यक्रम रद्द केलात तर रात्रीच कळवायचं होतं. आत्ता बसवाल्याला नको म्हणून सांगितलं.” कोणी रद्द केला, असे विचारले तर म्हणाले, “तुमचीच बातमी आहे ना?”

पेपर गावात पोचायचा होता, पण मोबाइलवर मथळ्याचा फोटो आधीच फिरत होता. ‘हेलियम दिनाला ग्रहण’. एक कॉलम, ठळक. खालची बातमी अक्षरन्अक्षर माझी होती आणि तीत रद्दचा ‘र’सुद्धा नव्हता. मी दिलेला मथळा होता, ‘विजयदुर्गात मुले पाहणार १८६८चे ग्रहण’. दिवा, चेंडू आणि नाणे घेऊन खग्रास ग्रहण कसे लागते ते आम्ही दाखवणार होतो.

विजयदुर्गात ग्रहण हा अभिमानाचा शब्द आहे. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण हेलियमच्या शोधकथेचा आरंभ, आणि किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’शी आम्ही ती आठवण जोडतो. ते ग्रहण पाहणारे खगोलशास्त्रज्ञ जानसेन तेव्हा गुंटूरला होते. दुसरे शास्त्रज्ञ लॉकियर यांना सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून दिसली, हेही मी बातमीत लिहिले होते, कारण गावात उलटे सांगतात. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडले. ते ग्रहण नसते तर १८ ऑगस्टचा हेलियम दिन कुठून आला असता? पण गावाबाहेरच्या वाचकाला ‘अमक्याला ग्रहण’ म्हणजे विघ्न, काम अडले, एवढेच ऐकू येते.

आठ वाजेपर्यंत शेजारची म्हातारी दारात. “सून पोटुशी आसा, गिराण किती वाजता लागतला?” तिला तिसराच अर्थ लागला होता. आज आकाशात काही नाही, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, हे मी परोपरीने समजावले. तरी सून दिवसभर घराबाहेर आली नाही.

मग मी पेपरच्या कार्यालयात फोन लावला. उपसंपादक शांतपणे म्हणाला, “बातमी ग्रहणाचीच होती ना? मग चूक काय?” मथळा एका कॉलमात बसवायचा होता, म्हणाला. मी म्हटले, ‘ग्रहण’च्या आधी फक्त साल घातले असतेत तरी बस आली असती. त्यावर, “लोक बातमी वाचत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?” हे वाक्य मला अजून सलते. लोक मथळाच वाचतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच तो दोन अर्थांचा करायचा? तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तोवर गावाने दोष माझ्यावर टाकलाही होता. एकाने तर तोंडावर विचारले, पैसे घेऊन कार्यक्रम पाडलास काय?

गावाकडून बातम्या पाठवणाऱ्यांनो, एक मथळा देऊन थांबू नका. एका कॉलमात बसेल असा आखूड मथळाही तुम्हीच द्या, नाहीतर कापाकापी परक्या हातांनी होते. पाठवण्याआधी तो बातमीशिवाय, एकटाच, घरातल्या माणसाला वाचून दाखवा आणि काय समजले ते विचारा. आपण अर्थ सांगायचा नाही. भाषा साधी ठेवावी, घाई करू नये, हे तर आहेच.

आपल्या भागातले फसवे शब्द वहीत लिहून ठेवा. ‘हापूस पडला’ म्हणजे वाशीत दर पडला की बागेत फळगळ झाली? ‘विजयदुर्ग एसटी बंद’ म्हणजे एक दिवसाचा संप की गाडीच कायमची गेली? अशा ठिकाणी ‘दर’, ‘फळ’, ‘आज’ हा एखादा जादा शब्द मागून घ्या, भांडून घ्या. आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत वेळेसकट जपा. माझ्या फोनमध्ये ती होती, म्हणून निदान मुख्याध्यापकांना दाखवता आली. त्यांनी ती वाचली आणि मुलांना पुढच्या वर्षी आणतो म्हणाले.

पुढची बातमी पाठवली की रात्री डेस्कला फोन करून मथळा शब्दन्शब्द वाचून घेणार आहे. त्यांना राग आला तरी.